चोवीसशेचा दाखला

आमच्या धामणगाव बढ्यात कुणी फुकटचा रुबाब करायला लागला की लोक अजून एकमेकांकडं बघून म्हणतात, "चोवीसशे!" एवढंच. नव्या सुनांना त्यातलं काही कळत नाही, सगळे हसतात म्हणून त्याही हसून घेतात. मला हसू येत नाही. ते चोवीसशे माझ्या बापाच्या तोंडून पडले होते, आणि त्यात माझ्या भावाचं शिक्षण बुडालं.

भाऊचं नाव जानराव. तो आता गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो, लहानथोर त्याला सर म्हणतात. मी चांगुणा, त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटी. गावातले लोक ही गोष्ट सांगतात तेव्हा ती गमतीची करून सांगतात. चावडीवर बसून पान चघळणाऱ्यांना दुसऱ्याचं वाटोळं झालेलं गमतीचंच वाटतं. म्हणून म्हटलं, आपणच एकदा नीट सांगावी.

भाऊला झाडपाल्याचं वेड लहानपणापासून. धुऱ्यावरचं गवत, विहिरीच्या थारोळ्यातलं शेवाळ, काहीही उपटून आणायचा, जुन्या वर्तमानपत्रांच्या घडीत ठेवायचा आणि वर ज्वारीचं पोतं ठेवून द्यायचा. पोत्याला ठेच लागली की माय, म्हणजे आमची आई अंबूबाई, करवादायची, "ह्या पोट्ट्यानं घराचा कोंडवाडा केला!" पण पोतं जागचं हलवायची नाही. एका साली आमच्या मिरचीवर बोकड्या पडला, पानं आक्रसून वाटीसारखी झाली. भाऊ तेव्हा खामगावला कॉलेजात होता. सुटीत आला तो तीन दिवस मिरचीतच उकिडवा बसून होता. रोगट झाडं उपटून जाळा, असं त्यानं बाबांना सांगितलं. बाबांनी ऐकलं नाही. भाऊनं त्यातली वीस पानं मात्र कागदात दाबून नेली आणि त्यांच्यावर एवढं लिहून दिलं की त्याचे प्राध्यापक म्हणाले, तू नागपूरला जा, एम.एस्सी. कर, ह्या रोगावरच काम कर.

आता बाबांबद्दल सांगते. तुळशीराम त्यांचं नाव. दोन एकर जमीन, विहीर, मिरची आणि वांगी. बाजारात जाताना धोतर दगडावर आपटून पांढरं केलेलंच लागायचं. त्यांचा ताठा असा की पायात काटा मोडला तरी चार लोकांत लंगडणार नाहीत. भाऊ खामगावला होता ती चार वर्षं बाबा त्याला दर महिन्याला वीस रुपयांची मनिऑर्डर करायचे आणि सोबत एक पोस्टकार्ड जायचं. बाबांना लिहिता येत नव्हतं, ते सांगायचे आणि मी लिहायची. मजकूर ठरलेला: 'इकडील सर्व खुशाल. मिरची चांगली गेली. पैशाची काळजी करू नये.' मिरची चांगली जात नव्हती. पहिल्या वर्षी मायचे चांदीचे गोठ गेले, दुसऱ्या वर्षी म्हैस गेली, पुढची दोन वर्षं माय परक्याच्या वावरात निंदायला गेली. गोठ पेटीत आहेत आणि म्हैस आटली म्हणून विकली, असं भाऊला सांगितलं होतं. तो सुटीत यायचा तेव्हा माय आठ दिवस निंदणाला जायची नाही. "त्याले कळता कामा नये," ही बाबांची सक्त ताकीद. मी तोंडाला कुलूप लावून चार वर्षं ती कार्डं लिहिली.

त्रेसष्ट साली भाऊ बी.एस्सी. झाला, पहिल्या वर्गात. नागपूरला प्रवेश मिळाल्याचं पत्रही आलं. पंधरा जुलैच्या आत फी भरून हजर व्हायचं होतं. कॉलेजात त्याला फीमाफी होती. नागपूरला मात्र फी, वसतिगृह, खानावळ आणि पुस्तकं, सगळं रोख. त्या उन्हाळ्यात त्यानं सतरा अर्ज केले. मीच मोजले, कारण पाकिटं मी चिकटवत होते. समाजाच्या बोर्डिंगातून उत्तर आलं की जागा भरल्या. सरकारी कर्जासाठी मिळकतदार असे दोन जामीन लागत होते, आणि आमच्यासाठी जामीन राहील असा मिळकतदार गावात जन्माला यायचा होता. एका श्रीमंत वकिलानं पैशाऐवजी चार पानं उपदेश पाठवला. शेवटी खामगावच्या एका फंडाचं पत्र आलं. कुण्या जिनवाल्या शेटजींनी मरताना ठेवलेला तो पैसा होता. दोन वर्षं दरमहा साठ रुपये देणार होते. अट एकच होती: घरचं सालाचं उत्पन्न बाराशेच्या आत असल्याचा दाखला घेऊन पाच जुलैला समक्ष यावं.

भाऊ पत्र हातात घेऊन घरभर नाचला. मायनं गुळाचा खडा दिला. "आपलं बाराशेच्या आतच असन न, बाबा?" त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, "असन. चावडीवर पाहू." भाऊ म्हणाला, "खरं असन तेच सांगा. कमी करून सांगायची गरज नाई." त्याला वाटत होतं आमचं हजार-अकराशे तरी असेल. कार्डं वाचून दुसरं काय वाटणार?

त्याच दिवसांत माझी सोयरीक चालली होती. देऊळगाव राजाचे महादेवराव, बालाजीच्या देवळाजवळ त्यांचं कापडाचं दुकान, त्यांच्या एकुलत्या एक मुलासाठी बोलणं होतं. मी सोळा वर्षांची, सातवी पास. बघायला आले तेव्हा त्यांनी मोरपंखी काठाचं लुगडं आणलं होतं, असं कापड मी हातात कधी धरलं नव्हतं. मुलगी पसंत म्हणाले, घरची चौकशी तेवढी बाकी. आमच्याकडं चौकशी म्हणजे मुलाकडचा माणूस गावात दोन दिवस कुणाकडं तरी उतरतो, चावडीवर बसतो, पटवाऱ्याच्या दप्तरात डोकावतो. महादेवराव स्वतःच आले आणि पाटलाकडं उतरले.

पटवाऱ्याकडं तीन गावं होती, आमच्याकडं तो फक्त मंगळवारी यायचा. पंचवीस जूनचा मंगळवार होता. दाखल्याची तेव्हाची रीत अशी की पटवारी चावडीच्या ओट्यावर बसून सगळ्यांसमोर विचारणार, बाप सांगणार, दोन पंच सही करणार. उत्पन्न सगळ्या गावासमोर मोठ्यानं सांगायचं. ज्यानं कुणी ही रीत घातली त्याला गरिबी कधी लागली नसावी.

चावडीवर मी नव्हते, बायका तिकडं फिरकत नसत. पुढचं मला अब्दुल गनी चाचांनी सांगितलं. ते रोहिणखेडचे, मिरचीचे व्यापारी, आमची मिरची दरसाल तेच घ्यायचे, आणि त्या दिवशी दोन पंचांपैकी एक तेच होते. आमच्या घरात साली किती पैसे येतात हे बाबांच्या खालोखाल त्यांनाच ठाऊक. साडेसहाशे, फार तर सातशे.

ओट्यावर पाटील आणि त्यांच्या शेजारी चहाची बशी घेऊन महादेवराव. खाली पंधरा-वीस माणसं. भाऊ फंडाचं पत्र हातात धरून बाबांच्या अगदी समोर उभा, खामगावहून आणलेला इस्त्रीचा शर्ट घातलेला. पटवाऱ्यानं दौतीत टाक बुडवला आणि विचारलं, "हं तुळशीराम, सालाचं उत्पन्न किती लिहू?"

बाबांनी एकदा महादेवरावांकडं पाहिलं, एकदा भाऊकडं पाहिलं, मग वर आढ्याकडं बघून म्हणाले, "लिवा, चोवीसशे."

पटवाऱ्याचा टाक थांबला. फंडाचं पत्र त्यानंही वाचलं होतं. "इचार कर बे, तुळशीराम. पोराच्या कामाचा दाखला हाये."

"एकडाव सांगतलं न, चोवीसशे. अन् वांग्याचं येगळं."

कुणीतरी खुदकन हसलं. भाऊ "बाबा" एवढंच म्हणाला. बाबांनी अंगठा उमटवला. दुसऱ्या पंचानं सही केली, मग कागद गनी चाचांपुढं आला. "बेटी," चाचा मला म्हणाले, "मले मालूम होतं हे झूठ हाये. पण तिथं तोंड उघडलं असतं तर तुह्यं लगन मोडत होतं. म्या सही केली. अल्ला माफ करो."

महादेवराव त्याच संध्याकाळी घरी येऊन साखरपुड्याची तारीख ठरवून गेले.

भाऊ दोन दिवस जेवला नाही. पटवाऱ्यानं त्याला सांगितलं होतं की पुढच्या मंगळवारी, दोन जुलैला, बापाला घेऊन ये, दुसरा जबाब घेऊ, मलकापूरला तहसीलची सही तिसऱ्या दिवशी होईल, पाचला तू खामगावला पोचशील. म्हणजे अजून दोर तुटला नव्हता. तो आठवडा आमच्या घरात कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. माय मला एकटीला गाठून म्हणाली, "तू सांग बाबाले. तुह्यं ऐकतीन." मी काय सांगायचं होतं? एवढंच की माझं लग्न मोडलं तरी चालेल, भाऊला शिकू द्या. मी म्हटलं नाही. मला ते लग्न हवं होतं. ते मोरपंखी काठाचं लुगडं मी रात्रीतून दोनदा पेटीतून काढून बघत होते. नंतर मी स्वतःला पुष्कळ शिव्या दिल्या, पण त्या आठवड्यात दिल्या नाहीत, हे खरं.

मंगळवारी बाबा न सांगता उठले, धोतर नेसले आणि एकटेच चावडीवर गेले. माय देवापुढं हात जोडून बसली. घटकाभरात बाबा परत आले, टोपी खुंटीला अडकवली. पटवाऱ्यानं रीत सांगितली होती: आधीचा जबाब खोटा होता असं लिहायचं, पंचांसमोर वाचायचं आणि त्याखाली अंगठा द्यायचा. "आता काय खोटारडा म्हनून अंगठा देऊ?" बाबा भिंतीला म्हणाले. भाऊ उंबऱ्यात उभा होता. तो वळून वावराकडं निघून गेला.

तरी पाच तारखेला तो खामगावला गेलाच. मलकापूरहून गाडी, जलंबला बदल. सोबत चोवीसशेचा दाखला आणि गनी चाचांनी दिलेल्या तीन सालांच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, कुठल्या साली आमच्या मिरचीचे किती पैसे दिले त्या. चाचांनी त्या गोंद लावून पाकिटात बंद करून दिल्या होत्या आणि बजावलं होतं, "तू खोलू नको. तिथं साहेबालेच दे." भाऊनं पाकीट उघडलं नाही, तो तसाच सरळ.

फंडाचे सेक्रेटरी म्हातारे होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी पाकीट फोडलं, चिठ्ठ्या वाचल्या, दाखला वाचला आणि चष्मा काढून म्हणाले, "ह्या चिठ्ठ्या खऱ्या असतील तर तुमचं उत्पन्न बाराशेच्या पुष्कळ खाली आहे. मग हे चोवीसशे कुठून आले? तुमचे वडील चावडीवर खोटं बोलले का? तसं असेल तर इथं दोन ओळी लिहून सही करा, मी कमिटीपुढं ठेवतो. काम होईल."

कोरा कागद त्यांनी पुढं सरकवला. बाहेर बाकावर अजून दहा-बारा पोरं बसलेली, दार उघडं. भाऊनं कागदाकडं पाहिलं आणि म्हणाला, "नाही. वडील खोटं बोलले नाहीत."

हे त्यानं मला माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं, आणि बाबांना कधी सांगू नको म्हणून शपथ घातली. मला इतका राग आला की मी त्याच्या दंडावर बुक्क्या मारल्या. बापानं ताठा केला तो केला, तू शिकलेला ना? दोन ओळी लिहिल्या असत्या तर काय झडलं असतं? तो म्हणाला, "अवं, हात उचललाच नाई." बापाचाच लेक!

पुढचं लवकर सांगते. चोवीसशेच्या घराची मुलगी म्हटल्यावर महादेवरावांनी मानपानही त्याच मापानं मागितला. पावणेदोनशे पान उठलं, जावयाला घड्याळ आणि सायकल. विहिरीकडचा एकर विकावा लागला. विहीर गेली, तशी मिरचीही गेली. भाऊ जुलैतच हायस्कुलात लागला, म्हणाला पुढच्या वर्षी जाईन. फंडाचा नियम होता की पास झाल्याच्या सालीच अर्ज करायचा. पुढच्या वर्षी घर त्याच्या पगारावर चालत होतं. त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं ती दाबलेली झाडं शाळेच्या कपाटात नेऊन ठेवली, आणि एम.एस्सी.चं नाव पुन्हा काढलं नाही. मी देऊळगाव राजाला नांदत होते. भाजीत मीठ जास्त पडलं तरी सासू म्हणायची, "चोवीसशेवाल्याची लेक हाय, तिला काय किंमत कशाची!" त्यांना एव्हाना खरं काय ते कळलं होतं. मी ऐकून घ्यायची. मनात म्हणायची, ऐक चांगुणे, भावाच्या शिक्षणावर तू लुगडं नेसलीस.

अशी आठ वर्षं गेली. एकाहत्तर सालच्या जूनमध्ये मी बाळंतपणाला माहेरी होते. भाऊचा एक विद्यार्थी, फकीर मोहम्मद पिंजाऱ्याचा रशीद, बी.एस्सी. झाला आणि त्याला नागपूरला जायचं होतं. तोच फंड, तोच दाखला, मर्यादा तेवढी आता पंधराशे झालेली. रीतही जरा सैल झाली होती, पंच नकोत, पटवाऱ्यासमोर जबाब पुरे. भाऊनं कानाला खडा लावलेला होता. त्यानं पटवाऱ्याला शाळेत बोलावलं, रशीदला बाहेर पाठवलं, प्रयोगशाळेचं दार आतून लावलं. आत तिघंच, पटवारी, फकीर मोहम्मद आणि भाऊ.

"उत्पन्न किती?" पटवाऱ्यानं विचारलं.

गाद्या पिंजून पोट भरणारा तो माणूस. त्यानं भाऊकडं पाहिलं, अंगावरचा कापूस झटकला आणि म्हणाला, "लिखो साहब, तीन हजार."

भाऊ म्हणतो, मला चावडीच आठवली. तिथं महादेवराव नव्हते, पाटील नव्हता, हसणारं कुणी नव्हतं. तिथं फक्त पोराचा मास्तर होता, ज्याच्यासमोर त्या माणसाला मान खाली घालायची नव्हती. भाऊ उठला, बाहेर गेला आणि दार ओढून घेतलं. मैदानाच्या टोकाला, आतलं ऐकू येणार नाही इतक्या लांब, जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं पटवारी दाखला घेऊन आला. भाऊनं आकडा वाचला नाही, घडी करून रशीदला दिला. रशीदला ते पैसे मिळाले. तो नागपूरला शिकतोय.

त्या दिवशी भाऊ शाळेतून आला तेव्हा बाबा ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत बसले होते. आता हेच त्यांचं काम. गनी चाचा पोतं टाकून जातात, किलोमागं पैसे देतात. माय मला शेकायला शेगडी पेटवत होती, मी आत बाळाला घेऊन पडलेली, दार उघडंच होतं. भाऊ त्यांच्यासमोर बसला आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्यानं विचारलं.

"बाबा, त्या दिवशी चोवीसशे काऊन सांगतले?"

बाबा खुडत राहिले. मला वाटलं आता माझं नाव निघणार.

"सोयऱ्यापायी सांगतले का?"

"सोयऱ्याले कोन भेते बे?" बाबा म्हणाले. "तो नाई म्हनला असता तर दुसरा पाह्यला असता. तू उभा होता न समोर. इस्त्रीचा शर्ट घालून. चार सालं तुले लिवत आलो, मिरची चांगली गेली, मिरची चांगली गेली. तुह्या मायचे गोठ गेले, ते निंदाले गेली, तुले काई सांगतलं नाई. अन् तिथं सगळ्याइच्या समोर, तुह्या तोंडावर, सातशे म्हनू? नाई निंघालं तोंडातून."

मायच्या हातातलं फडकं खाली पडलं. मला रडू आलं आणि रागही आला. आठ वर्षं मी सासूचं बोलणं आपला गुन्हा समजून गिळत होते, आणि ज्या कार्डांनी घात केला ती माझ्याच अक्षरातली होती.

भाऊ म्हणाला, "खामगावच्या सायबानं मले विचारलं होतं, वडील खोटं बोलले का म्हनून. दोन ओळी लिहून दे म्हने."

बाबांचा हात थांबला. "मंग? काय सांगतलं तू?"

"नाई म्हनलं. माहे वडील खोटं बोलले नाई म्हनलं."

बाबा त्याच्याकडं बघत राहिले. तिखटानं लाल झालेली बोटं त्यांनी धोतराला पुसली. मग हळूच विचारलं, "हाव म्हनला असता तर देत होते का पैसे?"

"देत होते," भाऊ म्हणाला.

बाबांनी मान हलवली. भाऊनं पोत्यातली मूठभर मिरची आपल्यापुढं ओढली, आणि दिवे लागेपर्यंत दोघं देठ खुडत बसले.